पीक उभं, सर्व्हर आडवा

सातबाऱ्यातला सात म्हणजे जमीन कोणाची आणि बारा म्हणजे तिच्यात काय पेरलं. सातावरून भावकी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाते. बाराकडे मात्र कोणी फारसं पाहत नसे. तलाठी चावडीत बसून गेल्या वर्षीचा पीकपेरा यंदाही तसाच उतरवून काढी. कापसाच्या जागी ज्वारी लागे, बागायतीच्या जागी पड लागे. पण शिव्या घालायला समोर एक जिवंत माणूस तरी असे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्यानेच मोबाईल ॲपवर पीक नोंदवणं, सुरू झाली आणि ही सोय गेली. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा’ असं घोषवाक्य निघालं. लिहिणाऱ्याचे पाय धरायला हवेत! एका ओळीत तीनदा ‘माझं माझं’ म्हणायला लावून तलाठ्याचं काम बिनपगारी शेतकऱ्याच्या गळ्यात घातलं, वर त्याला अधिकार मिळाल्यासारखं वाटलं पाहिजे. पगार अर्थात चावडीतच राहिला. २०२४मध्ये तलाठ्याचं पदनामही ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. (त्यांना तरी किती बोल लावायचा? एकेकाकडे दोन-दोन सजे आणि दोन्हीकडे सर्व्हर बंद.)

आता पाहणी कशी होते ते बघा. आमच्या तात्यांची नदीकाठी सोयाबीन. घरी बसून फोटो चालत नाही, म्हणून तात्या नातवाला घेऊन रानात जातात. गट निवडायचा, हंगाम निवडायचा, पीक निर्भेळ की मिश्र ते सांगायचं, पाणी विहिरीचं की कॅनॉलचं, पेरणी कधीची. एवढी उलटतपासणी तात्यांच्या लग्नातही झाली नव्हती. सगळं भरून होतं तोच ॲप कळवतं, की तुम्ही गटापासून लांब आहात. तात्या उभे असतात तो बांध त्यांच्या आज्याने घातलेला. शेजाऱ्याने तो दरसाल वीतभर कोरला, त्याची नोंद कोणी घेतली नाही. उपग्रहाला मात्र तात्याच सरकलेले दिसले.

त्यात पीक आहे तिथे रेंज नाही. रेंज चिंचेखाली, आणि चिंच चुलत्याच्या गटात. तिथून फोटो काढला तर तात्यांची सोयाबीन चुलत्याच्या नावावर लागायची आणि पुढची तारीख दिवाणी कोर्टाची.

या गोंधळात रोजगार मात्र वाढला. एसटी स्टँडसमोर एक पोरगं दोन मोबाईल आणि पॉवर बँक घेऊन ‘पीक पाहणी लावून मिळेल’ अशी पाटी टांगून बसलेलं असतं. गटामागे दर ठरलेला, रानात यायचं तर पेट्रोल वेगळं. शेतीत काही राहिलं नाही म्हणून बापाने त्याला कॉम्प्युटर शिकायला घातलं होतं. आज अख्ख्या शिवारात शेतीवर रोख कमाई करणारा तो एकटाच.

पाहणी लावायची कशासाठी? सोयाबीनचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. तो हवा तर सोयाबीन आधी सातबाऱ्यावर उगवावी लागते. तिथे उगवली तर पोत्यातला ओलावा बारा टक्क्यांची मर्यादा ओलांडतो. ओलावा मर्यादेत बसला तर सातबारा कोरा निघतो. मग ती बाजार समितीत, व्यापारी म्हणेल त्या भावाने. कापूसवाल्यांनी हसू नये. कापूस महामंडळाला (सीसीआय) कापूस घालायचा तर २०२५पासून त्यांनाही ‘कपास किसान’ नावाचं ॲप आलं आहे.

राज्यकर्त्यांना या पाहणीचा खरा फायदा अजून पुरता उमगलेला दिसत नाही. नोंद नाही त्याचं पीक नाही, पीक नाही त्याचं नुकसान नाही आणि नुकसानच नाही तर मोर्चा कशाचा? पूर्वी मोर्चा तहसीलवर गेला की निवेदन घ्यायला नायब तहसीलदार तरी बाहेर यायचा. सर्व्हरला घेराव कसा घालणार? तो कुठल्या गावी राहतो हेसुद्धा कोणाला ठाऊक नाही. ‘तांत्रिक अडचण’ म्हटलं की सत्ताधारीही सुटले आणि विरोधकही. ॲप आल्यापासून राज्याने तीन मुख्यमंत्री पाहिले, दोन पक्ष उभे फुटले, एकमेकांच्या योजनांवर पाणी पडलं. हे ॲप मात्र तिघांपैकी कोणीही गुंडाळलं नाही. सर्वपक्षीय एकमत महाराष्ट्रात उरलंच नाही असं कोण म्हणतं?

सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाडा-सोलापूरकडे नद्या पात्र सोडून रानात शिरल्या. सीनाकाठी कित्येकांची जमीन मातीसकट खरडून गेली. तात्यांची सोयाबीन गेली, बांध गेला, चुलत्याची चिंचही गेली. अक्षांश-रेखांश तेवढे जागचे हलले नाहीत. पाहणीला मुदतवाढ मिळालीच होती, म्हणून पाणी ओसरल्यावर नातवाने गुडघाभर चिखलात उभं राहून ॲप उघडलं. रेंज भरपूर होती. तात्या आपल्याच गटात उभे आहेत, हे ॲपने प्रथमच बिनतक्रार मान्य केलं आणि पिकाचा फोटो मागितला.