चामोर्शी पद्धतीचा पिझ्झा : गृहोपयोगी सूचना

पिझ्झा करणाऱ्याने सर्वप्रथम आपण कुठे उभे आहोत ते पाहावे. नेपल्समध्ये उभे असल्यास पुढचे वाचायची गरज नाही. तिथे अस्सल पिझ्झ्याची राखण १९८४ पासून एक संघटना करते आणि २०१० पासून युरोपीय संघाचा नियमही आहे: व्यास ३५ सेंटिमीटरच्या वर नको, भट्टीचा तळ ४८५ अंश सेल्सिअसच्या आसपास, भाजणी ६० ते ९० सेकंद. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीत उभे असल्यास समोर भट्टी नसते, गॅसची शेगडी असते आणि तिच्यावर वरणाचे पातेले असते. ते आधी उतरवावे.

बाहेरून मागवण्याचा विचार मनात येईल, तो काढून टाकावा. साखळी दुकानांचा पिझ्झा १९९६ साली दिल्ली-बंगळुरूत उतरला आणि पुढे ‘तीस मिनिटांत घरपोच’ हा मंत्र घरोघरी पोचला. पिझ्झा मात्र पोचायचा राहिला. चामोर्शीहून नुसते गडचिरोली गाठायचे तरी अर्ध्या तासाहून जास्त वेळ जातो, आणि वाटेत सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आडवे आले तर त्या अर्ध्या तासाला शेपूट फुटते. तेव्हा पिझ्झा घरीच करायचा.

पिठाचा प्रश्न इथे थोडा नाजूक आहे. हा धानाचा मुलूख. घरात तांदळाची कणगी भरलेली आणि पिझ्झा मागतो गहू. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसते. त्यामुळे ते ताणले की तुटते, फुगवले की बसते. ज्यांनी हट्टाने तांदळाच्या पिठाचा पिझ्झा केला त्यांच्या हाती जाडसर धिरडे आले. ते चांगले लागले, पण त्याला पिझ्झा म्हणायला घरातले लहान मूलही तयार झाले नाही. गव्हाची परंपरा इथे अगदीच नाही असेही नाही. पळसाच्या पानांत थापून गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले पानगे विदर्भाला ठाऊक आहेत. लाकडाच्या भट्टीची थोरवी सांगणाऱ्या शहरी पाहुण्याला एकदा पानगा खाऊ घालावा आणि काही बोलू नये.

मैद्यात यीस्ट घालताना एक कायदेशीर शंका उद्भवते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. यीस्ट पिठातली साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड तयार करते, त्याने पीठ फुगते. पण त्याच बैठकीत ते थोडे अल्कोहोलही तयार करते. म्हणजे परातीवर ओले फडके टाकून कोपऱ्यात दोन तास ठेवलेला गोळा तांत्रिकदृष्ट्या संशयास्पद ठरतो. भाजताना ते अल्कोहोल बहुतांश उडून जाते, सबब घाबरू नये. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याने २०१५ साली बंदी आणली आणि २०२१ साली उठवली. तिथल्या पिठाला ही चिंता नाही.

एवढी खटपट नको असेल त्यांनी बेकरीतला तयार बेस आणावा. किराणा दुकानात तो दोन-दोनच्या पिशवीत, टोस्टच्या शेजारी असतो. आणताना तो वाकवून पाहावा. वाकला तर ताजा. मोडला तर तुकडे चहात बुडवायला उपयोगी.

भाजण्यासाठी ओव्हन असलाच पाहिजे असे नाही. जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर पसरावा, त्यावर लोखंडी रिंग ठेवावी, झाकण घालून दहा मिनिटे तापवावे आणि मग ताटली आत सोडावी. तवा वापरायचा असेल तर बेस आधी एका बाजूने शेकून उलटावा आणि शेकलेल्या बाजूवर टॉपिंग मांडून झाकण ठेवावे. घरच्या कढईला नेपल्सचे ४८५ अंश या जन्मी दिसणार नाहीत. त्यामुळे वरचे चीज वितळते, पण त्यावर तपकिरी ठिपके पडत नाहीत. सासूबाई नेमक्या त्याच क्षणी स्वयंपाकघरात येतात, झाकण उचलतात आणि म्हणतात, “कच्चंच दिसते बाई हे.” यावर उत्तर देऊ नये. झाकण परत ठेवावे.

आता टॉपिंग. या विषयावर जगात राष्ट्राध्यक्षसुद्धा घसरले आहेत. पिझ्झ्यावर अननस घालायची कल्पना १९६२ साली कॅनडातल्या ओंटारिओत सॅम पॅनोपुलोस या ग्रीक वंशाच्या हॉटेलवाल्याला सुचली आणि २०१७ साली आइसलँडच्या अध्यक्षांनी तिच्यावर बंदी घालायची इच्छा बोलून दाखवली. मग तसा अधिकार आपल्याला नाही, असा खुलासाही त्यांना करावा लागला. चामोर्शीच्या घरांत हा तंटा उद्भवत नाही, कारण आठवडी बाजारात काय आले त्यावर टॉपिंग ठरते. भेदरे, म्हणजे पुण्या-मुंबईचे टोमॅटो, असतात. कांदा असतो. सिमला मिरची मिळाली तर मिळाली. वांगी मात्र असतातच, आणि त्यांना पिझ्झ्यावर चढवायला काही हरकत नाही. काप करून मीठ लावावे, सुटलेले पाणी पिळावे आणि तेलावर परतून घ्यावे. तुळशीच्या पानाच्या जागी सांबार चिरून टाकावा. (दक्षिणेतल्या वाचकांनी इथे डाळीचे भांडे घेऊन धावू नये, विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर.)

पावसाळ्यात मामला वेगळा. तेव्हा रानातून सात्या येतात, वास्ते येतात. सात्या ही वारुळाच्या आसऱ्याने उगवणारी अळिंबी; शहरातल्या डबाबंद मशरूमने तिच्यापुढे मान खाली घालावी. पण ती ओळखणाऱ्याकडूनच घ्यावी. अळिंबीच्या बाबतीत अंदाज बांधणारा माणूस पुढच्या वेळी अंदाज बांधायला राहीलच असे नाही. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. ते बारीक चिरून, उकळून, पाणी फेकून मगच वापरावेत. कच्च्या कोंबात सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात आणि ती उकळल्याने जातात. रानची भाजी असो की बाजारची, नियम एकच: ओली वस्तू तशीच बेसवर टाकली तर खालची पोळी भिजून चिखल होतो, आणि चिखलात रोवणी करतात, पिझ्झा करीत नाहीत.

चीजविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. पहिला म्हणजे ते परदेशी आहे. दक्षिण इटलीतले नावाजलेले मोझरेला म्हशीच्या दुधाचे असते. विदर्भात नागपुरी जातीची म्हैस पिढ्यान्‌पिढ्या बोडीच्या पाण्यात नाकापर्यंत बुडून बसलेली आहे. आपल्या इटलीतल्या बहिणीची कीर्ती तिच्या कानावर अजून गेलेली नाही. दुसरा गैरसमज असा की घरी करायला गेले की पनीरच होते. पनीर होते ते दूध उकळल्यामुळे. उकळताना दुधातली निवळीत जाणारी प्रथिने केसीनला चिकटून बसतात आणि मग तो गोळा ताणला जात नाही. म्हणून गवळ्याकडून निरसे दूध घ्यावे, बोट सहज बुडवता येईल इतकेच कोमट करावे, व्हिनेगर घालून हळूहळू फाडावे, आणि जमलेला गोळा गरम पाण्यात बुडवून कणकेसारखा ओढत-मळत जावे. तो ओढला की चकाकतो आणि लांबतो. पहिल्या खेपेला लांबत नाही, ही गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवावी आणि त्या रात्री मटार-पनीरची तयारी ठेवावी.

चीजची खरी पाठशाळा खरे तर तालुक्यातच आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वस्त्या चामोर्शी आणि मूलचेरा तालुक्यांत अनेक वर्षांपासून आहेत. दूध फाडून छेना करणे हा त्यांच्या घरचा रोजचा खेळ. छेना वितळत नाही, तार सोडत नाही, पण पिझ्झ्यावर कुस्करून टाकला आणि वरून चिमूटभर मीठ भुरभुरले तर बेसचा कोरडेपणा जातो. रसगुल्ल्यासाठी ठेवलेला छेना विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

इथवरचे सगळे मात्र प्रास्ताविक. चामोर्शीच्या पिझ्झ्यात पीठ, टॉपिंग आणि चीज ही तिन्ही माणसे वऱ्हाडी म्हणून आलेली असतात. लग्न मिरचीचे असते.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ‘चिली’ हा शब्द पदार्थाचा आहे, मांसाचा झणझणीत रस्सा, आणि १९७७ साली तो राज्याचा अधिकृत पदार्थ झाला. त्यात राजमा घालावा की नाही यावरून तिथे भाऊबंदकी चालते. आपल्याकडे हिवाळ्यात पोपटाच्या शेंगांच्या दाण्यांचा तेलाची तर्री आलेला रस्सा करतात, आणि दाणा घालायचा की नाही हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण दाणा नसेल तर भातावर ओतायचे काय? हाच रस्सा आटवून घट्ट केला की पिझ्झ्याच्या लाल सॉसची जागा घेतो. त्याहून सोपा मार्ग ठेच्याचा. हिरव्या मिरच्या तव्यावर काळे ठिपके पडेपर्यंत भाजाव्यात, लसूण आणि जाडे मीठ घालून वरवंट्याखाली घ्याव्यात. मिक्सर लावू नये. त्यात ठेच्याची पेस्ट होते, आणि पेस्ट दातांना लावतात. हा ठेचा चीजवर नव्हे, चीजखाली लावायचा. शिकागोत सॉस चीजच्या वर घालतात, नेपल्समध्ये खाली. आपल्या तालुक्यातही मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते, तेव्हा वर-खाली हा वाद फार ताणू नये. पण ठेचा खालीच. त्याला कारण आहे. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिनचा, आणि ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. ते बियांत नसून बिया ज्या पांढऱ्या शिरेला लटकतात तिच्यात असते. घास तोंडात गेला की आधी चीजचा थर जिभेवर पसरतो, मग खालून ठेचा येतो, आणि चीजमधली चरबी व केसीन मिळून त्याला आवर घालतात. घटाघट पाणी पिणाऱ्या पाहुण्याला हे समजावत बसू नये, दही द्यावे.

सुक्या मिरचीत निवड भरपूर. नागपूरहून गडचिरोलीकडे येताना लागणाऱ्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. पण चामोर्शीच्या आसपासच्या अनेक घरांतल्या डब्यात जी मिरची असते ती दुकानातून आलेली नसते. संक्रांतीनंतर गडचिरोली-चंद्रपूरच्या गावागावांतून बाया-माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात, खम्मम-वारंगलकडे. दिवसभर वाकून तोडायचे. बोटे भगभगतात, नखांच्या कडांना आग होते, त्या हाताने चुकून डोळा चोळला की अर्धा दिवस गेला. पाण्याने हात धुऊन आग जात नाही. कारण वर आलेच आहे, पण तोडणाऱ्या बाईला ते सांगावे लागत नाही, ती आधीच तेल चोळते. कुणाच्या मजुरीत रोख असते, कुणाच्या मजुरीत मिरचीही. २०२० च्या टाळेबंदीत यांतली कित्येक माणसे पायी घरी आली.

ती मिरची अंगणात वाळायला पडते तेव्हा पिझ्झ्याचा बेत करू नये. घरभर ठसका असतो आणि शिंकत शिंकत चीज किसता येत नाही. आठ-दहा दिवसांनी करावा. कॉलेजात जाणारी मुलगी बेस आणते, आई पदराने हात पुसत शेजारी बसते. गडचिरोलीच्या एखाद्या हॉटेलातून मुलीने जपून आणलेली चिली फ्लेक्सची बोटभर पुडी ताटात निघते. आई ती फाडते, तळहातावर ओतते, बोटाने पसरते, नाकाशी नेते.

“हे का होय वं? यात तं बियाच हायेत.”

अशा वेळी पुडी फेकून देऊ नये. उरलेली घडी घालून मिसळणाच्या डब्यात ठेवावी, ओरेगॅनोच्या तीन आणि टोमॅटो सॉसच्या पाच पुड्यांशेजारी. पोत्यातल्या दोन मिरच्या हातानेच चुरडून पिझ्झ्यावर टाकाव्यात, आणि हात ताबडतोब धुवावेत. आधी तेलाने.