पंपाखालची बुरशी

आमच्या जुन्नर-आंबेगावात ठिपके म्हटलं की माणूस आधी शेजारच्या उसाकडे बघतो. बिबट्यानं सगळं लक्ष तिकडेच वेधून घेतल्यामुळे स्वतःच्या पाठीवरचे ठिपके बघायला इथे कुणाला सवड नसते. बघितलेच, तर ते लग्नसराईत बघितले जातात आणि बघणारी आत्या असते.

"काय रं हे मानेवर? कोड तर नव्हं?" आत्यानं इतक्या हळू विचारलं, की पंगतीच्या त्या टोकाला वाढप्याचा हात बुंदीच्या ताटात थांबला.

मग निदानांचा आहेर सुरू झाला. मावशीच्या मते पोटात जंत. मामांच्या मते कॅल्शियम कमी. मुंबईला नोकरी करून आलेल्या काकांनी माशांवर दूध पिण्याचा विषय काढला. आमच्या घरात माळकरी तीन पिढ्यांचे, हे त्यांना माहीत असूनही! शेवटी अण्णा उठले. नारायणगावच्या अलीकडे त्यांची जंबो द्राक्षांची बाग. त्यांनी माझी कॉलर मागे ओढली, चष्मा कपाळावर चढवला आणि वेलीचं पान उलटून बघावं तशी मान बघितली.

"भुरी हाय. गंधक मार."

मांडव हसला. पण सगळ्या गोतावळ्यात बरोबर निघाले ते एकटे अण्णा. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी डागावर काचपट्टीची कड हलकेच ओढली, तर बारीक कोंडा निघाला. "शिबं आहेत. बुरशीच ही," त्या म्हणाल्या आणि उपायाला सेलेनियम सल्फाइडचा शांपू लिहून दिला. सल्फाइड म्हणजे गंधक आलंच की! अण्णांना हे सांगितल्यापासून ते गावात कुणाचीही पाठ बघायला मागतात.

या बुरशीचं नाव मलासेझिया. ती बाहेरून येत नाही. मोठ्या माणसांत जवळजवळ प्रत्येकाच्या कातडीवर ती मुक्कामाला असतेच, तुमच्याही आहे. अंगचं तेल खाऊन गुपचूप राहते. उकाडा वाढला, घाम साचला की मात्र हातपाय पसरते आणि तिच्यातून निघणारी द्रव्यं कातडीला रंग धरू देत नाहीत. कुणाला फिकट डाग पडतात, कुणाला तपकिरी. भोवतालची कातडी उन्हानं रापली की फिकट डाग आणखी उठून दिसतात. अस्वच्छतेशी याचा संबंध नाही आणि एकाचं दुसऱ्याला लागतही नाही, त्यामुळे माझा टॉवेल चिमट्यानं उचलणाऱ्यांनी तो आता हातानं उचलायला हरकत नाही.

मला गंमत वाटते ती आमच्या शेतकऱ्याची. आभाळ नुसतं भरून आलं तरी टोमॅटोवर करपा येणार हे त्याला कळतं. औषधाचं प्रमाण तोंडपाठ. सोळा लिटरचा पंप पाठीला लावून तो दुपारभर बुरशीनाशक फवारतो आणि त्या पंपाखाली, घामानं पाठीला चिकटलेल्या नायलॉनच्या टी-शर्टात, दुसरी बुरशी निवांत वाढत असते. संध्याकाळी आई म्हणते, "पाठ कोरडी पडलीया," आणि खोबरेल चोळते. म्हणजे वर खतही दिलं!

उपाय तसा सोपा. शांपू डोक्याला नव्हे, मानेपासून कमरेपर्यंत लावायचा, पाच-दहा मिनिटं ठेवायचा, धुवायचा. किती दिवस, ते डॉक्टर सांगतात. कीटोकोनॅझोलचा शांपूही चालतो. अवघड असतात ती दहा मिनिटं. मोरीत फेस लावून उभं राहिलेल्या माणसाला एकत्र कुटुंबात किती जण हाका मारतात, ते एकदा अनुभवावंच.

आणि बुरशी मेली तरी डाग लगेच जात नाहीत. रंग भरायला काही महिने लागतात. या काळात धीर सुटलेला आमचा चुलतभाऊ मेडिकलमधून 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब घेऊन आला. तिच्यात स्टेरॉइड होतं. त्यानं खाज थांबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. त्याची शिबं पाठीवरून दंडावर उतरली. शिबं पुढच्या उन्हाळ्यात परत येतात, हेही खरं. म्हणून उकाड्याच्या दिवसांत डॉक्टरांना विचारून अधूनमधून तोच शांपू लावायचा, सुती बनियन घालायचं, फवारणीवरून आल्यावर आधी अंघोळ करायची आणि खोबरेल डोक्यापुरतं ठेवायचं.

एक मात्र चेष्टेवारी नेऊ नका. शिबांच्या डागाला स्पर्श कळतो. फिकट डाग बधिर असेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो. तेव्हा तपासणीला आशाताई दारात आल्या, की "आमच्यात तसलं कुणी नाही" म्हणून त्यांना परत पाठवू नका. सदरा काढा आणि पाठ दाखवा. नाही तरी ती अण्णांनी बघितलेलीच असते.