शत्रू पाहिजे

कमरेला रिव्हॉल्व्हर लावून फिरायची इच्छा असलेला माणूस आमच्या छत्रपती संभाजीनगरात लांबूनच ओळखू येतो. रिव्हॉल्व्हर अजून मिळालेलं नसतं, पण शर्ट उजव्या बाजूला ढिला सोडायची सवय आधीच लागलेली असते. पांढरी गाडी, पांढरे कपडे, मनगटात कडं आणि चालताना दंड अंगापासून वीतभर लांब. कॅनॉटच्या हॉटेलात तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसतो. दारातून कधी कोण येईल सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं. येतो तो बहुतेक वेळा त्याचा व्याही, नाहीतर थकलेला हप्ता मागायला आलेला पतसंस्थेचा माणूस. त्यातला दुसरा दिसला, की साहेब मुदपाकखान्याच्या दाराने बाहेर पडतात.

आमच्या गल्लीतल्या नमुन्याला सगळे भाऊसाहेब म्हणतात. धंदा प्लॉटिंगचा. ‘एन.ए. फोर्टीफोर, टायटल क्लिअर, ताबडतोब रजिस्ट्री’ एवढं ते झोपेतही बिनचूक म्हणतात. बंदुकीचं वेड मात्र वडिलोपार्जित आहे. घरात आजोबांपासून चालत आलेली बारा बोअरची दुनळी आहे. ती घेतली तेव्हा करमाडच्या बाजूला शेत होतं, शेतात ज्वारी होती आणि ज्वारीत रानडुकरं होती. पीक राखायला म्हणून परवाना मिळाला. पुढे शेत समृद्धी महामार्गात गेलं. घरच्यांना मोबदला मिळाला. वन्यप्राण्यांसाठी सरकारने महामार्गाखालून भुयारी वाटा ठेवल्या, म्हणजे डुकरांचीही सोय झाली. सगळ्यांचं पुनर्वसन झालं, बंदूक तेवढी बेकार राहिली. सध्या ती आबांच्या, म्हणजे भाऊसाहेबांच्या वडिलांच्या नावावर आहे. खंडेनवमीला आबा ती कपाटातून काढतात, तेल देतात, झेंडूची माळ घालतात आणि परत कुलूप लावतात. तिच्यातून शेवटचा बार कधी निघाला, असं विचारलं की आबा पावसापाण्याचं विचारू लागतात.

भाऊसाहेबांचा मूळ आराखडा तीन शस्त्रांचा होता. १९५९ च्या शस्त्र कायद्यात १९८३ साली दुरुस्ती होऊन माणशी तीनची मर्यादा आली. सरकारने मर्यादा घातली म्हणजे तेवढा आपला कोटा ठरवून दिला, असं भाऊसाहेब धरून चालतात. रेशनपासून त्यांना तीच सवय. आबांची दुनळी वारशात, फार्महाउससाठी एक रायफल आणि शहरात वापरायला .३२ चं रिव्हॉल्व्हर, अशी वाटणी मनात पक्की होती. ‘‘नऊ एमएम आपल्याला नको,’’ असं ते उदारपणे सांगत. तो बोअर सर्वसामान्यांना प्रतिबंधित आहे, हे त्यांना माहीत होतं. पण आपण होऊन सोडल्यासारखं सांगण्यात वजन जास्त.

२०१९ च्या नोव्हेंबरात केंद्राने कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं आणि तीनची मर्यादा एकवर आणायचं ठरवलं. त्या सकाळी भाऊसाहेब पेपर हातात घेऊन आमच्याकडे आले, ते घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करून. ‘‘आपले दोन गेले,’’ म्हणाले. नावावर एकही परवाना नसलेल्या माणसाला दोन शस्त्रं गेल्याचं एवढं दुःख झालेलं मी दुसरं पाहिलं नाही. डिसेंबरात संसदेत एकाचे दोन झाले, १४ तारखेपासून कायदा लागू झाला. ज्यांच्याकडे तीन होती, त्यांनी जादाचं शस्त्र वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं होतं. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांची पाच झाली. भाऊसाहेबांनी गुलमंडीवरून इमरती आणून वाटली. ‘‘एक वाचलं,’’ म्हणाले.

त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. लग्नाच्या वरातीत वगैरे निष्काळजीपणे बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ते मी वाचून दाखवलं तेव्हा भाऊसाहेबांच्या हातातली इमरती हातातच राहिली.

‘‘मग घ्यायचं तरी कशाला?’’ ते म्हणाले.

आता हिशेब दोनचा. वारशातलं शस्त्रही त्या दोनातच धरतात. आबा चौऱ्याहत्तरचे, सत्तरी उलटली की परवानाधारकाला हयातीतच वारसाच्या नावावर शस्त्र करून देण्यासाठी अर्ज करता येतो, ही २०१६ च्या नियमातली सोय भाऊसाहेबांना तोंडपाठ आहे. पण दुनळी आपल्या नावावर केली तर एक जागा तिने खाल्ली, उरली एकच. नाही केली तर ती धाकट्याकडे जाणार. धाकटा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये. त्याला बंदूक नको आहे, पण ती थोरल्याला मिळतेय म्हटल्यावर त्यानेही ‘‘बघू’’ म्हणून सांगितलंय. घरात रात्री अकरापर्यंत चर्चा चालते.

या चर्चेला वहिनींची बाजू आहे, आणि ती मला जास्त पटते. भाऊसाहेब म्हणतात, ‘‘अगं, कायदा दिवसेंदिवस कडक होत चाललाय. आधी तीन होते, आता दोन झाले, उद्या एक करतील. घ्यायचं तर आत्ताच.’’

वहिनी म्हणतात, ‘‘पाण्याचं तेच झालंय. आधी तीन दिवसाला यायचं, मग पाच, आता आठवडा धरावा लागतो. हौद मोठा करायचा तर आत्ताच.’’

हा युक्तिवाद आमच्या शहरात बिनतोड आहे. नाथसागर काठोकाठ भरल्याचे फोटो पेपरात येतात, लोक पैठणला जाऊन दरवाजे उघडलेले बघून येतात आणि घरी परतल्यावर टँकरवाल्याला फोन करतात. नळाला पाणी येण्याची रात्र हा इथला कौटुंबिक सण आहे. त्या रात्री कुणी पाहुण्यांकडे मुक्कामाला जात नाही. वहिनींनी कॅलेंडरच्या मागच्या पानावर खर्चाची यादीच केली आहे. पहिला हौद. मग लेकीच्या लातूरच्या नीट क्लासची फी. मग आबांचा मोतीबिंदू, सासूबाईंचा गुडघा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. सगळ्यात खाली, पेन्सिलीने, ‘यांचं ते’. भाऊसाहेबांनी बारा बोअरचा विषय काढला, की वहिनी अंगणाकडे बोट दाखवतात. ‘‘आहे त्या एका बोअरला पाणी नाही, अन् बाराचं काय घेऊन बसलात?’’

भाऊसाहेबांनी एक डाव मात्र चांगला टाकला होता. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली खास स्त्रियांसाठी ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. .३२ बोअर, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. ते दागिन्यांच्या पेटीसारख्या मरून रंगाच्या पेटीत मिळायचं, तेवढं भाऊसाहेबांनी अचूक लक्षात ठेवलं. वहिनींच्या वाढदिवसाला ते म्हणाले, ‘‘तुझ्या नावाने परवाना काढू. तुझी एक जागा तशीही रिकामीच आहे.’’

वहिनींनी मोबाइलवरचा पेटीचा फोटो नीट मोठा करून पाहिला. ‘‘पेटी छान आहे,’’ म्हणाल्या. ‘‘पेटीच आणा. आत काय ठेवायचं ते मी बघते.’’

शेवटी घरात काहीच न ठरता भाऊसाहेबांनी अर्ज भरला. ‘‘अर्ज भरला म्हणजे घेतलं असं थोडंच आहे?’’ एवढ्यावर वहिनी गप्प बसल्या. अर्ज ऑनलाइन असतो. सोबत ओळखीचे, पत्त्याचे पुरावे लागतात, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं आणि शरीराने, मनाने ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो. प्रशिक्षणाहून भाऊसाहेब परतले ते कानात कापूस घालून. रिव्हॉल्व्हर उडवलं की एवढा मोठा आवाज होतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सिनेमात पार्श्वसंगीत असतं. डॉक्टरने रक्त तपासलं तर साखर चांगलीच वाढलेली. जिवाला धोका आहे, असं लेखी द्यायला तयार असलेला तो पहिलाच माणूस; पण त्या धोक्यावरची गोळी मेडिकलमध्ये मिळते.

खरी अडचण ‘शस्त्र कशासाठी हवे?’ या रकान्यात आली. शेत नाही, म्हणून पीकसंरक्षण नाही. नेमबाजीचा खेळाडू म्हणावं, तर पोटामुळे उभं राहिल्यावर स्वतःचे बूट दिसत नाहीत. राहिलं स्वसंरक्षण. त्यासाठी आपला जीव घ्यायला कुणीतरी टपलंय, हे पटवून द्यावं लागतं. परवान्याचा सगळा मान त्यातच आहे. रिव्हॉल्व्हर बाजारात विकत मिळतं, पण आपण मारण्याइतके मोठे आहोत, असं सरकारी कागदावर येणं विकत मिळत नाही. भाऊसाहेबांना हवा होता तो कागद. आणि त्या कागदासाठी हवा होता शत्रू.

त्यांनी शोध घरापासून सुरू केला. चुलतभावाशी बांधावरून वीस वर्षं वाद होता. त्याच्याकडे जाऊन म्हणाले, ‘‘मागं तू मला बघून घेतो म्हणाला होतास, आठवतं?’’

‘‘भाऊ, जमीनच रस्त्यात गेली,’’ तो म्हणाला, ‘‘आता कामून भांडायचं? बसा, जेवून जा.’’ भाऊसाहेब जेवून आले.

मग गुंठेवारीतला प्लॉट घेतलेलं एक गिऱ्हाईक आठवलं. रस्ता नऊ मीटरचा सांगून सहाचा दिला, म्हणून तो पूर्वी फार तापला होता. पण त्याचा प्लॉट नियमित झाला, भाव चढले, आणि तो पेढे घेऊन आला. शेवटचा आधार म्हणजे राजकीय वैमनस्य. पतसंस्थेच्या निवडणुकीत भाऊसाहेब पडले होते. निवडून आलेल्या संचालकाला गाठून त्यांनी ‘‘आपल्यात जरा ताण आहे’’ अशी सुरुवात केली. ‘‘तुम्ही उभे होतात का?’’ संचालकांनी मनापासून विचारलं. त्या रात्री भाऊसाहेब जेवले नाहीत.

पोलीस चौकशीला आले तेव्हा आम्हा शेजाऱ्यांना वाटलं, चांगलं बोलावं. आम्ही एकजात सांगितलं, देवमाणूस आहे, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, गणपतीची वर्गणी सगळ्यांत आधी देतात, शत्रू म्हणाल तर औषधालासुद्धा नाही. पोलीस गेल्यावर भाऊसाहेब गेटवर येऊन आमच्यावर ओरडले, ‘‘एवढं चांगलं बोलायला कुणी सांगितलं होतं?’’ चांगल्या चारित्र्याचा दाखला आणि जिवाच्या धोक्याचा पुरावा, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने आणायच्या असतात, हे आम्हाला तेव्हा कळलं.

त्यातच शेजारच्या बीडमधून बातम्या आल्या. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्यानंतर जिल्ह्यात किती जणांकडे बंदुकीचे परवाने आहेत, हा हिशेब बाहेर आला. आकडा बाराशेच्या वर होता. हवेत गोळीबाराचे, कमरेला पिस्तूल लावून मिरवल्याचे व्हिडिओ फिरले आणि प्रशासनाने परवाने तपासून रद्द करायला घेतले. भाऊसाहेब काही दिवस गंभीर होते. ज्या माणसाला खरोखर धोका होता, त्याच्या कमरेला काहीच नव्हतं, हे त्यांनाही जाणवलं असावं. कॅनॉटला ते काही दिवस दाराकडे पाठ करून बसले. मग हळूहळू मूळ स्वभाव वर आला. ‘‘आता सगळीकडे कडक होणार,’’ ते म्हणाले. ‘‘आपला अर्ज चुकीच्या वर्षी गेला.’’

या सगळ्यात घरातल्या दुनळीने मात्र मान मिळवून दिला. २०२४ हे दोन निवडणुकांचं वर्ष. मार्च ते जून लोकसभेची आचारसंहिता, ऑक्टोबर-नोव्हेंबरात विधानसभेची. अशा वेळी कुणाची शस्त्रं जमा करून घ्यायची, हे छाननी समिती ठरवते. आबांची दोन्ही वेळा जमा झाली. आबा म्हातारे, म्हणून सोबत भाऊसाहेब. पोलीस ठाणं दहा मिनिटांवर आहे. ते तासाभराने पोचले, कारण वाटेत प्रत्येक ओळखीच्या माणसापाशी गाडी थांबवून ‘‘शस्त्र जमा करायला चाललोय’’ असं सांगायचं होतं. मिळालेली पावती त्यांनी लॅमिनेट करून घेतली. निवडणूक शांततेत पार पडल्यावर, त्यात आपलाही वाटा आहे, असा चेहरा करून ते मतमोजणीच्या बातम्या बघत होते.

गेल्या महिन्यात अर्जाचं उत्तर आलं. नामंजूर. अर्जदाराच्या जिवाला धोका असल्याचं आढळून येत नाही. कुणालाही हायसं वाटावं असं ते वाक्य भाऊसाहेबांनी आम्हाला अपमान झाल्यासारखं वाचून दाखवलं. नंतर म्हणाले, ‘‘अपील करता येतं. पण धोक्याचा काहीतरी लेखी पुरावा पाहिजे.’’

वहिनी तेव्हा हौदाचा खड्डा खणणाऱ्यांना चहा देत होत्या. वरच्या यादीतला पहिला खर्च निघाला होता. किटली खाली ठेवून त्या म्हणाल्या, ‘‘करा अपील. लेकीची फी भरायची राहिलीय अन् तुम्ही सव्वा लाखाचं ते घेऊन घरात पाऊल टाकलं, तर तुमच्या जिवाला धोका आहे. मी देते लेखी.’’

भाऊसाहेब ताडकन उठून उभे राहिले. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर इमरती वाटली तेव्हाही नव्हता.

‘‘सहीनिशी देशील?’’ ते म्हणाले. ‘‘बाँड शंभरचा चालेल का पाचशेचाच आणू?’’