कटऑफमामा

सुप्याच्या स्टँडवर उतरून ‘कटऑफमामा कुठं राहतात?’ असं विचारलं, तर चहावाला आधी रँक विचारतो. ती ऐकून तो ‘अरेरे’ म्हणाला तरी मनावर घ्यायचं नाही. मामांच्या संगतीत त्यालाही थोडंफार कळायला लागलंय, एवढाच त्याचा अर्थ.

मामा डॉक्टर नाहीत, कंपाउंडरही नव्हते. त्यांची हयात कांद्याच्या आडतीवर मुनीमगिरी करण्यात गेली. ट्रॉलीतला कांदा हातात घ्यायचा, अंगठ्यानं पत्ती दाबायची आणि मालकाच्या तोंडाकडे न बघता ‘एक नंबर’, ‘दोन नंबर’ किंवा ‘गोल्टी’ म्हणून पुढं सरकायचं. नीट-पीजी या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की तीच नजर एमबीबीएस झालेल्या पोरांवरून फिरते. याची सुरुवात भाच्यापासून झाली. त्याच्या पीजी प्रवेशाच्या वेळी ते सोबत म्हणून रात्रभर त्याच्या लॅपटॉपशेजारी बसले. भाचा यथावकाश ऑर्थोपेडिक झाला; मामा त्याच्या आधीच तज्ज्ञ झाले होते.

मामांचं सारं ज्ञान लाल कापडी बांधणीच्या एका चोपडीत आहे. लक्ष्मीपूजनाला ती पाटावर असते. पहिल्या पानावर ‘श्री’, आणि खाली टाकानं लिहावं तशा वळणदार अक्षरात: ‘सरकारी जागा. निम्म्या ऑल इंडिया, केंद्राच्या एमसीसीकडे. निम्म्या राज्याच्या, सीईटी सेलकडे. अभिमत विद्यापीठं एमसीसीकडे. पैसेवाल्यांनी स्वतंत्र भेटावे.’ मग कॉलेजगणिक एकेक पान, ब्रँचगणिक एकेक ओळ आणि फेरीगणिक शेवटची रँक. ससूनचं पान हाताळून मऊ पडलंय. अंबाजोगाई, धुळे, नांदेड, यवतमाळ खचाखच भरलेली. परळच्या केईएमचं पान मात्र कोरं. 1926 पासून ते रुग्णालय उभं आहे, पण मामांच्या मते आपल्याकडच्या पोरांसाठी तिथली रँक टिपणं म्हणजे शाईची नासाडी.

पोरगा समोर बसला आणि मार्क सांगायला लागला की मामा हात वर करतात. “मार्क घरी सांग. मला रँक सांग.” यात ते बरोबर आहेत. दोनशे प्रश्न, आठशे गुण, चुकलं की एक वजा. पण पेपर एका वर्षी सोपा, एका वर्षी अवघड. मार्कांचा भाव दरवर्षी बदलतो, रँकचा त्या मानानं स्थिर. 2024 साली परीक्षा आदल्या रात्री पुढं ढकलली गेली आणि ऑगस्टमध्ये दोन पाळ्यांत झाली, तेव्हा मामांना फार लागलं. “एमआयडीसीत पहिली पाळी, दुसरी पाळी ठीक आहे,” ते म्हणाले, “तिथं एसी बनवायचेत. इथं डॉक्टर बनवायचेत.” त्याआधी 2023 ला पात्रतेचं पर्सेंटाइल शून्यावर आणलं, म्हणजे पेपरला बसला तो पात्र. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. कटऑफच शून्य झाला तर कटऑफमामा उरतो किती, हा हिशेब त्यांना सुटत नव्हता.

ब्रँचबद्दल त्यांची मतं हायवेच्या गाळ्यांवर बसून घडलेली आहेत. “रेडिओलॉजीला मशीन लागतं, मशीनला कर्ज लागतं आणि कर्जाला सासरा लागतो. स्थळ बघून मग ब्रँच बघ.” “स्किन चांगलं. रात्री बाराला खाज सुटली म्हणून कुणी दार वाजवत नाही.” “भूल म्हणजे पेशंट झोपणार, तू जागणार आणि पेढे सर्जनला.” “ॲनाटॉमीत पेशंटची तक्रार नाही.” “पीएसएम, ते सामाजिक वैद्यक, घे, पण आपण नक्की कशाचे डॉक्टर, हे सासुरवाडीला दर दिवाळीला नव्यानं सांगावं लागेल.”

आणि मामांचा अंदाज चुकत नाही. सुपा, हंगा, वाडेगव्हाण, पार राळेगणपर्यंत याचा दबदबा आहे. मामांनी ‘धुळे, बालरोग’ म्हटलं की धुळे, बालरोगच. बाप मंडळी कानाला हात लावून सांगतात, “मामा बोलले, तेच मिळालं.” मिळणारच. फॉर्म मामाच भरतात आणि जे मिळणार नाही असं त्यांना वाटतं, ते फॉर्मात लिहूच देत नाहीत. “प्रॅक्टिकल व्हायचं” हे त्यांचं ब्रीद. वरची सगळी कॉलेजं उडवायची, एक ‘बसणारी’ जागा पहिली टाकायची आणि तिच्याखाली यादी मात्र ऐसपैस भरायची. “भरून ठेव रे, लिहायला काय पैसे पडतात?” या भरून ठेवण्यापायी एका पोराला दुसऱ्या फेरीत बायोकेमिस्ट्री लागली. त्यानं जायचं नाकारलं आणि अनामत भरलेले पंचवीस हजार गेले. बाप भांडायला आला, तर मामा शांतपणे म्हणाले, “पण मिळाली ना?”

अशा दरबारात गेल्या हंगामात एक मुलगी आली. वडील एमआयडीसीत सुपरवायझर, आई अंगणवाडीत. मुलीनं रँक सांगितली. मामांनी चोपडी न उघडता मनात पत्ती दाबली.

“गायनॅक. खाली पीडिया. लेडी डॉक्टर, हायवेला हॉस्पिटल, संपला विषय.”

“मला मानसोपचार हवंय, मामा.”

मामांनी तिच्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी पंख्याकडे पाहिलं.

“पोरी, सुप्यात मानसोपचाराची पाटी लावलीस, तर त्या जिन्यावर चढताना कुणी दिसेल का? लोक डोकं दुखतं म्हणून मेडिकलमधून गोळी घेतील आणि घरी जातील.”

“मग मागून जिना काढू.”

“आणि या रँकला सरकारीत मिळणारही नाही.”

“नाही मिळालं तर खालचं मिळेल. पण वर लिहायला काय हरकत?”

“यादी वाया जाते.”

तेव्हा त्या पोरीनं मामांच्याच चोपडीच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं समजावलं. कॉम्प्युटर रँकप्रमाणे एकेकाला घेतो. त्याची पहिली पसंती शिल्लक असली तर देतो. नसली तर दुसरी बघतो, मग तिसरी. वर केईएम लिहिलं म्हणून खालचं अंबाजोगाई रुसून बसत नाही. तेव्हा वर मनात असेल ते, मनात असेल त्याच क्रमानं लिहायचं. हात आखडायचा तो खाली. जी जागा लागली तर रडू येईल, ती लिहायचीच नाही. त्यापेक्षा पुन्हा परीक्षा देऊ म्हणायचं आणि तिथं रेघ मारायची.

मामांनी हे नीट ऐकलं. त्यांना समजलंही. इतकी वर्षं ते नेमकं उलटं करत आले होते: वर कंजुषी, खाली उधळपट्टी. पण मुनीम माणूस बेरीज चुकली तरी चेहऱ्यावर दाखवत नाही. चष्मा पुसत म्हणाले, “कॉम्प्युटर विचारतो काय पाहिजे, बरोबर. पण आपल्याकडं पोरांना काय पाहिजे हे कुणाला माहीत असतं? काय बसतं, तेवढंच माहीत असतं.” यावर मुलीकडेही उत्तर नव्हतं. वडील तर पंख्याचं शेवटचं पातं मोजून परत पहिल्यावर आले होते.

तिनं घरी जाऊन आपल्या क्रमानं यादी भरली, रेघ मारली आणि लॉक केली. राज्याच्या फेरीत नागपूरला मानसोपचार लागलं. आई थोडी रडली, कारण नागपूर लांब. वडील पेढे घेऊन मामांकडे आले. गावात बातमी पसरली की मामांनी मानसोपचारसुद्धा मिळवून दिलं. मामांनी या बातमीला विरोध केला नाही. पेढा तोंडात टाकला, चोपडी उघडली आणि नागपूरच्या पानावर नवी ओळ आखून तिची रँक सुवाच्य अक्षरात चढवली.

पुढच्या फेरीच्या वेळी पारनेरचा एक पोरगा बापासोबत आला. त्याला सर्जरी करायची होती. लहानपणापासून तेच डोक्यात. मामांनी रँक ऐकली, नागपूरचं पान काढलं, बोट ठेवलं.

“सर्जरी सोड. मानसोपचार लिही. पुरावा आहे.”

“पण त्याला ते नकोय, मामा,” बाप काकुळतीला आला.

“नको आहे ना?” मामा समाधानानं म्हणाले. “मग लागतंच.”