कोपरा झाडल्याबद्दल जाहीर आभार

आधुनिक लिनक्स डेस्कटॉपच्या रचनाकारांस,
डिंडोली, सुरतहून

पडद्याचा कोपरा आपण झाडूनपुसून लख्ख केलात, त्याबद्दल अभिनंदन. पूर्वी घड्याळाशेजारी आयकॉनांची दाटी असे. आता घड्याळ एकटंच. खान्देशातून येऊन एकेका खोलीत संसार थाटलेल्या आम्हा डिंडोलीकरांना इतकी मोकळी जागा पाहून गहिवरून येतं.

अडचण एवढीच, की आमच्या गल्लीतल्या आबांचा एम्ब्रॉयडरीच्या कामाचा जुना प्रोग्राम फुली दाबल्यावर बंद होत नाही, घड्याळाशेजारच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुना संगणक ११ घेईना, म्हणून लिनक्स चढवलं. इथे ट्रेच नाही. आबांनी प्रोग्राम पुन्हा उघडला, तर उत्तर आलं: ‘आधीच चालू आहे.’ ‘चालू आहे तर दिसत का नाही रे भाऊ?’ हा प्रश्न योग्य त्या कार्यवाहीसाठी आपल्याकडे पाठवत आहे. दुसरा एक प्रोग्राम फक्त विंडोजचा; तो वाइनवर, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनावर, चालतो. ट्रे सापडला नाही की वाइन बिचारं एक चिमुकली खिडकी उघडून आयकॉनला तिच्यात बसवतं. ती खिडकी नेमकी डिझाइनवर येऊन ठाण मांडते.

तुमची बाजूही मला कळते. जुन्या एक्सएम्बेड पद्धतीत आयकॉन म्हणजे आपली खाट घेऊन येणारा भाडेकरू: पॅनेलने जागा द्यायची, आत प्रोग्रामने स्वतःची खिडकी टाकायची. मग कुठे काळा चौकोन, कुठे दाट पिक्सेलांच्या पडद्यावर मुंगीएवढं चित्र. नव्या स्टेटसनोटिफायर पद्धतीत प्रोग्राम डी-बस या निरोपवाहिनीवरून फक्त नाव, चित्र आणि मेनू कळवतो; रंगवायचं काम पॅनेलचं. वेलँड या नव्या पडदाव्यवस्थेत तर परक्या खिडकीला आत घ्यायची सोयच नाही. पद्धत बदलली ते योग्यच झालं. पण घर पाडण्याआधी माणसं हलवायची असतात, महाराज!

केडीई या डेस्कटॉपनेही प्लाझ्मा ५ मध्ये जुना ट्रे काढला होता. मात्र डिसेंबर २०१५ च्या ५.५ आवृत्तीत त्यांनी एक्सएम्बेड-एसएनआय-प्रॉक्सी नावाचा पूल दिला. तो जुन्या आयकॉनची खिडकी आडोशाला ठेवतो, तिचं चित्र नव्या ट्रेमध्ये लावतो आणि क्लिक मागे पोचवतो. क्लिक कधी चुकते, पण आयकॉन दिसतो तरी. नोम या दुसऱ्या डेस्कटॉपने सप्टेंबर २०१७ च्या ३.२६ मध्ये जुना ट्रे काढला आणि एक्सटेन्शनकडे बोट दाखवलं. उबुंटू अ‍ॅपइंडिकेटरचं एक्सटेन्शन आधीच चालू करून देतं, म्हणून तिथे निभावतं. इतर बऱ्याच ठिकाणी ते आपणच शोधायचं, आणि सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली की ते तिच्यावर चालेल का, याची वाट बघायची.

तेव्हा विनंती अशी, की असा पूल मूळ डेस्कटॉपमध्येच द्यावा. आबांना ‘एक्सटेन्शन’ समजावून सांगायला आपल्यापैकी कुणी डिंडोलीला येणार असेल, तर विनंती मागे घेतो.


आपला,
गल्लीतला संगणकवाला