आप्पांची कात्री

नारायणगावात राहून ज्याला वेल छाटता येत नाही, त्याने जुन्नर तालुक्याचं रेशनकार्ड परत करावं, असं आमच्या शेजारच्या आप्पांचं स्पष्ट मत आहे. हे मत ते माझ्या फाटकाकडे बघून मांडतात. म्हणजे जिथे पूर्वी फाटक होतं, तिकडे बघून.

दोष माझा नाही, मधुमालतीचा आहे. वीतभर काडी लावली होती. पहिल्या वर्षी तिने फाटक धरलं, दुसऱ्या वर्षी पोर्च, तिसऱ्या वर्षी डिशची छत्री. मालिकेतल्या सासूचा चेहरा ऐन भांडणात चौकोनाचौकोनांत फुटू लागला, तेव्हा मला घरातून पहिली नोटीस मिळाली. पण संध्याकाळी पांढरं उमललेलं फूल पुढे गुलाबी आणि मग लालभडक होताना बघितलं की कात्री उचलवत नसे. सबबींचा तोटा नव्हता. आत्ता बहर आहे. बुलबुलाने घरटं केलंय. आज अमावस्या.

शेवटी हिने बिबट्या काढला. आमचा मुलूखच बिबट्याचा. माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे, आणि घराभोवती झाडोरा माजू देऊ नका, हे वनखातं सांगतच असतं. "उद्या त्या जाळीत येऊन बसला, तर डिशवाला आला समजून तुम्ही चहा विचाराल," ही म्हणाली.

जूनमध्ये मी स्टुलावर चढलो आणि प्रत्येक शेंडा चार बोटं कापला. पंधरा दिवसांत जिथे एक शेंडा होता, तिथे तीन लोंबायला लागले. आप्पा फाटकाशी थबकले.

"गुरुजी, ही छाटणी नव्हं, हा खुडा झाला. शेंडा मारला की खालचे डोळे जागे होत्यात. येल वाढवायची असली की आम्ही हेच करतो."

म्हणजे घाम गाळून मी वेलीला बढती दिली होती.

मग एप्रिलमध्ये आप्पांनी मला त्यांच्या द्राक्षबागेत नेलं. त्या दिवसांत आमच्याकडे तमाशाच्या राहुट्यांत जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. छाटणीची टोळी मात्र फडापेक्षा अवघड मिळते. टोळीने मांडवाखाली शिरून तासाभरात हिरवीगार ओळ उघडी केली. ही खरड छाटणी. काडीच्या बुडाशी एखादा डोळा ठेवायचा, बाकी सगळं जमिनीवर.

"आप्पा, आता राहिलं काय?"

"खोड ऱ्हायलं, ओलांडा ऱ्हायला. अजून काय पायजे?"

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात पानं टाकून झोपते आणि वर्षातून एकदा छाटली की भागतं. आपल्याकडे तिला झोपवणारी थंडीच नाही, म्हणून कात्री दोनदा चालते. एप्रिलच्या छाटणीनंतर नव्या काड्या येतात आणि उन्हाळ्यातच त्यांच्या डोळ्यांत पुढचे घड धरतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी बागायतदार काड्या प्रयोगशाळेत नेतात. तिथे डोळा चिरून भिंगाखाली बघतात. घड कितव्या डोळ्यात आहे ते कळलं, की त्याच्या पुढे कात्री. माझ्या स्वतःच्या डोळ्यांची इतकी तपासणी अजून कोणी केलेली नाही.

मी लगेच मधुमालतीकडे धावलो, तर आप्पांनी हात धरला. "आता नको. तिला कळ्या धरल्यात. हिची फुलं नव्या फुटीवर येत्यात. थंडी सरता सरता काढा."

फेब्रुवारीत मुहूर्त लागला. बुलबुलाचं घरटं रिकामं होतं, अमावस्या नव्हती. आधी वाळकी लाकडं काढली, मग एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या फांद्या. चार जाड वेली ठेवल्या आणि त्यांच्या बगलफांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणल्या. काप डोळ्याच्या किंचित वर आणि तिरपा, म्हणजे पाणी साचत नाही. मधुमालतीचं पान गळतं, पण देठाचं बूड काट्यासारखं मागे राहतं. त्याच आकड्यांनी ती वर चढते आणि त्याच आकड्यांनी तिने माझे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले. ढीग एवढा झाला की ट्रॉली बोलवावी लागली.

दुसऱ्या दिवसापासून लोक समाचाराला आल्यासारखे येऊ लागले. "गेली का हो?" डिश स्वच्छ दिसत होती, पण हीसुद्धा मालिका सोडून खिडकीतून त्या चार काटक्यांकडे बघायची. चैत्रात एकेका डोळ्यातून तांबूस फूट आली आणि मृगाआधी फाटकावर झुबके लोंबले. या खेपेला फाटकही दिसत होतं.

आता आत्मविश्वास आला होता. कात्रीला तेल दिलं आणि गुरुदक्षिणा द्यायला आप्पांच्या घरी गेलो. त्यांच्या पडवीवरची जुई पत्र्यावर चढून पार कौलारू गोठ्यावर गेली होती. ओटीवर भर दुपारी दिवा लागत होता. मी स्टूल मागितलं.

आप्पांनी आधी जुईकडे पाहिलं, मग माझ्या कात्रीकडे.

"आत्ता नको, गुरुजी. बहर हाये."

"बहर ओसरल्यावर येतो."

"तवा बुलबुल बसतो." मग जरा थांबून, दारातल्या आईच्या फोटोकडे न बघता ते म्हणाले, "म्हातारीनं लावलीय. बसा, चहा घ्या. आज अमुशा हाये."

घरी येऊन मी कालनिर्णय पाहिलं. पंचमी होती.