हसू नका, अधोरेखित करा

शिष्यवृत्ती परीक्षेची शिकवणी घेणाऱ्या बाईंसमोर गोष्ट कधी येतच नाही; येतो तो उतारा. म्हातारी लेकीकडे निघाली, वाटेत वाघ आडवा आला, इथवर वाचून पोरं खुदकन हसली की बाईंचं पेन टेबलावर वाजतं. "हसताय काय? अधोरेखित करा! आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा."

वेळेचं त्यांचं म्हणणं खोटं नाही. ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे एकाला ७२ सेकंद. त्यात म्हातारीला हसत बसलं, तर गणितं कधी सोडवायची? २०१७ साली ही परीक्षा चौथीवरून पाचवीला गेली, तेव्हा मुलं मोठी झाली म्हणून बाईंनी फी वाढवली. उतारे तेच राहिले.

चार पर्यायांवर त्यांची श्रद्धा आहे. दोन बरोबर वाटले, तर त्यांतला एक 'अधिक बरोबर' असतो आणि तो कोणता, हे उत्तरसूचीलाच ठाऊक. गोष्टीला शीर्षक म्हणून एकानं 'फसलेला वाघ' निवडलं. सूचीत 'म्हातारीची युक्ती' होतं. गेले दोन गुण! (मला विचाराल तर वाघाचं शीर्षक झकास होतं.)

"बाई, म्हातारी आत लपलेला भोपळा बोलतो, याचं वाघाला काहीच कसं वाटलं नाही?" एका पोरानं विचारलं. साऱ्या गोष्टीतला हा खरा प्रश्न.

"उताऱ्यात दिलंय का?"

"नाही."

"मग विचारायचं नाही."

हे वाक्य आता शिकवणीपुरतं राहिलेलं नाही. भाजीवाली म्हणाली, भोपळा गोड आहे, की बाई आधार मागतात. मिस्टर जेवताना ऑफिसातला किस्सा रंगवून सांगतात, तो संपला की बाई शांतपणे विचारतात, "यातलं शेवटचं वाक्य कोण कोणास म्हणालं?" हल्ली ते मुकाट जेवतात.

निकाल मात्र दणदणीत लागतो. चौकात फ्लेक्स झळकतो. मधोमध बाई, भोवती गुणवंत, सगळे पासपोर्ट फोटोतल्यासारखे गंभीर. त्यामुळे पालकांची रांग काही हटत नाही.

परवा भोपळ्याचं विचारणाऱ्या त्याच पोराला आईनं विचारलं, "अभ्यास झाला का रे?" तो म्हणाला, "उताऱ्यात दिलेलं नाही." आई तावातावानं बाईंकडे तक्रार घेऊन गेली. बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "बघा, आकलन सुधारलं!"